मनोहररावांचं मत

अमेरिकेचं पुढे काय होणार हे मनोहरराव चौबळांना पक्कं ठाऊक होतं. वाटोळं होणार होतं. कधी, कुणामुळे आणि किती वेगाने, एवढाच तपशील उरला होता. तो ते दर शनिवारी सकाळी, ओहायोतल्या डब्लिन गावी, आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, समोर पोहे येईपर्यंत पुरवत असत. पोहे आल्यावरही पुरवत, फक्त मग शब्द नीट कळत नसत.

वय अडुसष्ट. शेतीचे पंप बनवणाऱ्या एका कंपनीतून तीन वर्षांपूर्वी व्हाइस प्रेसिडेंट म्हणून निवृत्त झालेले. नोकरीत होते तेव्हा सहाशे माणसं त्यांचं ऐकायची. आता घरात शैलजाबाई होत्या, आणि त्यांची ख्याती ऐकण्याबद्दल नव्हती. त्यामुळे सहाशे माणसांच्या वाट्याचं ऐकणं एकट्या आन्यावर येऊन पडलं होतं. आन्या त्यांची नात. तिचे आईबाप, म्हणजे सुलेखा आणि राजीव, गेल्या वर्षी नोकरीपायी पार पश्चिम किनाऱ्याकडे, बेलव्ह्यूला गेले. आन्याचं कॉलेज इथे कोलंबसला, म्हणून ती मागे राहिली आणि आजोबांचा पत्ता तोच तिचा पत्ता झाला. दर शनिवारी ती धुवायच्या कपड्यांचं बोचकं घेऊन यायची, कपडे मशीनमध्ये कोंबायची आणि पोह्यांच्या आशेने टेबलाशी बसायची.

सरकारने रस्ते बांधावेत, सैन्य ठेवावं आणि बाकीचा वेळ गप्प बसावं, हे मनोहररावांचं मूळ तत्त्व. उरलेलं सगळं त्यातून आपोआप निघे. फुकट वाटणं बंद करा. कर कमी करा. मागच्या दाराने देशात घुसलेल्यांना पुढच्या दाराने घालवा. मतदानाला येईल त्याच्याकडे ओळखपत्र मागा, नसेल तर घरी पाठवा. आणि पुढच्या पिढीच्या डोक्यावर कर्जाचा डोंगर ठेवू नका. 'पुढची पिढी' म्हणताना ते आन्याकडे बोट करत, आणि आन्या तोंडातला घास सांभाळत सभेला करावा तसा हात हलवी.

पुढच्या पिढीबद्दलही त्यांना फार आशा होती असं नाही. आन्या मानववंशशास्त्र शिकत होती. "माणसांचा अभ्यास करायला पैसे कशाला भरायचे?" ते विचारत. "बसस्टॉपवर उभं राहावं. फुकट होतो."

शैलजाबाईंनी या सगळ्या प्रकाराला घरगुती नाव ठेवलं होतं. "आजोबांचं मत झालं की पोहे वाढते हं," असं त्या आन्याला ती एवढीशी असल्यापासून सांगत आल्या होत्या. त्यामुळे आन्याच्या तुटपुंज्या मराठीत 'मत' या शब्दाला एकच अर्थ होता: आजोबा जे करतात ते. खोकला, शिंक, मत.

दोन हजार चारचं साल होतं आणि राष्ट्राध्यक्षाची निवडणूक तोंडावर आली होती. एरवी ओहायोला कुणी कुत्रं विचारत नाही. पण त्या वर्षी सगळं ओहायोवर अडलं होतं, आणि दोन्ही पक्षांचे लोक दारात वाट अडवून उभे राहू लागले. फोन दिवसभर वाजायचा. इतर लोक वैतागून फोन ठेवत. मनोहररावांकडे उलट होतं. विरुद्ध पक्षाच्या एखाद्या पोराने चुकून त्यांना फोन केला की ते खुर्ची ओढून घेत, त्याचं नाव विचारत, तो काय शिकतो ते विचारत आणि मग त्याला पहिल्यापासून सुरुवात करत. शेवटी तो पोरगाच काहीतरी कारण सांगून फोन ठेवी.

अंगणात त्यांनी दोन पाट्या रोवल्या होत्या. एक पक्षाची. दुसरी शाळेच्या कराविरुद्धची. गावातल्या शाळांच्या दुरुस्तीसाठी घरपट्टी वाढवावी का, असाही एक प्रश्न त्याच दिवशी मतदानाला होता. मनोहररावांना नुसता प्रश्न वाचूनच ठसका लागला होता.

"मिरजेला आमच्या शाळेचं छप्पर गळायचं," ते म्हणाले. "पाटी डोक्यावर धरून आम्ही पाढे म्हटले. काय अडलं माझं? झालो ना व्हाइस प्रेसिडेंट?"

"सो लीकी रूफ्स मेक व्हाइस प्रेसिडेंट्स," आन्या म्हणाली. "आजोबा, दॅट्स युवर डेटा?"

"वाढ गं हिला पोहे," मनोहरराव म्हणाले.

आता या सगळ्या थाटामाटात एक लहानशी अडचण होती. मनोहररावांना मतच नव्हतं. म्हणजे मतं होती, वाटून उरतील इतकी होती. पण पेटीत टाकायचं किंवा बटण दाबून द्यायचं जे मत, ते त्यांना नव्हतं. पस्तीस वर्षं या देशात राहून, इथे कर भरून, इथल्या सहाशे माणसांना कामाला लावून मनोहरराव अजून अमेरिकेचे नागरिक झालेलेच नव्हते. ग्रीनकार्डावर होते. कपाटातल्या चामडी पाकिटात त्यांचा भारताचा पासपोर्ट होता, आणि तो दर दहा वर्षांनी ते गुपचूप नवा करून आणत.

झालं होतं असं. शहात्तर साली दोघं नवराबायको नागरिकत्वाच्या मुलाखतीला गेले. शैलजाबाई पाच मिनिटांत बाहेर आल्या. मनोहररावांना अधिकाऱ्याने विचारलं, सिनेटर किती असतात? ते म्हणाले, "शंभर. म्हणजे नव्वद जास्त." काँग्रेस काय करते? "दुसऱ्याचे पैसे खर्च करते." कायदे कोण करतं? "वकील. वकिलांसाठी." अधिकारी सभ्य माणूस होता. त्याने पेन खाली ठेवलं आणि म्हणाला, सर, मी प्रश्न विचारतोय, तुमचं मत विचारत नाहीये. इथे मनोहररावांचा पारा चढला. ज्या देशात मत विचारत नाहीत तो लोकशाही देश कसला, असं काहीसं ते बोलले. अधिकाऱ्याने त्यांना, पुस्तक जरा वाचून पुन्हा या, असं सांगितलं.

यात न सुधारण्यासारखं काहीच नव्हतं. महिनाभराने परत जायचं, शंभर म्हणायचं आणि गप्प बसायचं. पण त्या संध्याकाळी घरी मित्रमंडळी जमली होती. कुणीतरी "झालं का?" विचारलं, आणि मुलाखत झाली होती म्हणून मनोहरराव "झालं" म्हणाले. तोवर स्वयंपाकघरातून केक आला. वर निळ्या-लाल साखरेचा झेंडा होता, खाली दोघांची नावं होती. लोक टाळ्या वाजवत होते. मनोहररावांनी केक कापला.

आणि कापलेला केक परत जोडता येत नाही. शपथविधीला शैलजाबाई एकट्याच गेल्या. मनोहररावांनी कंपनीच्या दौऱ्यावर असताना क्लीव्हलंडला शपथ घेतली, असं सगळ्यांना सांगण्यात आलं. परत अर्ज करावा तर कुणीतरी ओळखीचं भेटेल, ही भीती. तिकडे मुंबईच्या विमानतळावर बायको-मुलीला ते परदेशी लोकांच्या रांगेत उभं करत आणि आपण भारतीयांच्या रांगेत सटकत. "तिकडे गर्दी कमी आहे," म्हणत. बाबांना रांगेचा कंटाळा आहे हे सुलेखाला माहीत होतं, त्यामुळे तिला कधी शंका आली नाही.

निवडणुकीच्या दिवसाचीही रीत ठरून गेली होती. सकाळी मनोहरराव गाडी काढत, शैलजाबाईंना शाळेच्या दारात सोडत आणि पार्किंगमध्ये गाडीत बसून रेडिओ ऐकत. मत दिलं की तिथे एक गोल स्टिकर मिळतो, 'मी मतदान केलं' असा. शैलजाबाई गाडीत येऊन बसत, स्टिकर काढून नवऱ्याच्या कोटावर चिकटवत आणि म्हणत, "चला." मग मनोहरराव तो स्टिकर लावून बँकेत जात, वाण्याकडे जात, न्हाव्याकडे केस नसताना जात, आणि ज्यांच्या कोटावर स्टिकर नसेल त्यांना नागरिकाच्या कर्तव्यावर दोन शब्द ऐकवत. अशी वीस वर्षं निघाली.

मतदानाच्या आधीच्या शनिवारी आन्याने पोहे खाता खाता बॉम्ब टाकला.

"आजोबा, ट्यूजडेला मी तुमच्याबरोबर व्होट करणार. माय फर्स्ट टाइम."

मनोहररावांचा चमचा थांबला. "माझ्याबरोबर कशाला? आजीबरोबर जा."

"नो, तुमच्याबरोबर. कारण मी तुमचं व्होट कॅन्सल करणार आहे."

"काय करणार आहेस?"

"सी, तुम्ही तुमच्या साइडला देणार, मी माझ्या. प्लस वन, मायनस वन. झीरो. तुम्ही घरीच बसलात तरी सेम." ती खूश होऊन हसली. मग जरा गंभीर झाली. "बट सीरियसली, आजोबा. तुम्हीच मला ऑलवेज सांगता ना, यू शो अप, मग बोला. सो आय वाँट यू देअर. तुम्ही बाजूला उभे असलात की मला ते रिअल वाटेल."

शैलजाबाई सिंकपाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. त्यांनी नळ बंद केला, पण वळल्या नाहीत.

मनोहररावांच्या डोक्यात एक हिशेब आपोआप झाला. शून्यातून एक वजा. म्हणजे आपला पक्ष एका मताने मागे, आणि ते सुद्धा आपल्याच पोह्यांवर वाढलेल्या मताने. पण हे दुःख वरवरचं होतं. खरी धास्ती निराळी होती. ती पोरगी त्यांच्याशी भांडायची, त्यांची टर उडवायची, पण कुठलीही गोष्ट पहिल्यांदा करायची झाली की त्यांनाच बोलवायची. सायकल, पोहणं, गाडीची परीक्षा. सहाशे माणसं पगारासाठी ऐकत होती, हे मनोहररावांना कळत नव्हतं असं नाही. ही एकटीच फुकट ऐकत होती. तिच्या नजरेतून उतरायचं म्हणजे मग उरलं काय, असं त्यांना वाटलं.

सोमवारी त्यांची पाठ धरली.

"पाठ धरली म्हणून सांग तिला," ते अंथरुणातून म्हणाले.

"मी काही सांगणार नाही," शैलजाबाई म्हणाल्या. "आणि खोटंही बोलणार नाही. केक तुम्ही कापलात."

"अगं, पण..."

"शेक देऊ का पाठीला?"

"नको," मनोहरराव म्हणाले, आणि पाठ बरी झाली.

मंगळवारी सकाळपासून पाऊस लागला होता, ओहायोच्या नोव्हेंबरातला, गार आणि चिवट. शाळेबाहेर एवढी रांग होती की ती जिममधून निघून कॉरिडॉरभर फिरून पार्किंगपर्यंत आली होती. मनोहररावांना आशा वाटली. "एवढ्या रांगेत कशाला उभी राहतेस? क्लास बुडेल," ते आन्याला म्हणाले.

"कॅन्सल केलाय," आन्या म्हणाली आणि त्यांच्या हातात कॉफी दिली. आता पळायला वावच नव्हता. पुढे शैलजाबाई, मध्ये मनोहरराव, मागे आन्या, अशी वरात आत सरकू लागली.

जिममध्ये पोचायलाच सकाळ संपत आली. आत रांग आणखी मंद झाली आणि ते नेमके एका बादलीशेजारी अडकले. जिमचं छप्पर गळत होतं. लाकडी फरशीवर, बास्केटबॉलच्या रेषांच्या मधोमध, पिवळी बादली ठेवली होती आणि तिच्यावर कुणा पोराने जाड पेनने नाव लिहिलं होतं: 'रॉजर'. खाली दुसऱ्या अक्षरात: 'रॉजरला लाथ मारू नये. तो इथे आमच्या आधीपासून आहे.' ठिबक, ठिबक चालू होती. रांग सरकली की मनोहरराव सरकायचे, पण थेंब कसा कोण जाणे, दर वेळी त्यांच्या टकलाचा पत्ता शोधून काढायचा.

एरवी त्यांनी रांगेतल्या पुढच्या-मागच्यांना घेऊन सभा भरवली असती. आज ते गप्प होते. त्यांनी बेत आखला होता. टेबलापाशी पोचलं की खिसे चाचपायचे, लायसन्स गाडीत राहिलं म्हणायचं आणि जे जायचं ते उद्याच उगवायचं.

टेबलापाशी पोचले. तिथे चष्म्याला साखळी लावलेली एक पांढऱ्या केसांची बाई मतदारांची यादी घेऊन बसली होती. शैलजाबाईंनी सही केली आणि त्या मशीनकडे गेल्या. मनोहररावांनी खिसे चाचपले.

"अरेरे," ते इंग्रजीत म्हणाले, "माझं लायसन्स गाडीत राहिलं."

"काही लागत नाही, हनी," बाई म्हणाली. "ओहायोत नुसतं नाव सांगून सही केली की झालं."

ओळखपत्र मागायलाच हवं, असं ते वीस वर्षं कंठशोष करून सांगत होते. कुणी ऐकलं होतं?

बाईने पान उलटलं. शैलजा चौबळ सापडली. चौबळांच्या पत्त्यावरची आन्या सापडली. मनोहर चौबळ नव्हते. तिने मागचं पान पाहिलं, पुढचं पाहिलं, स्पेलिंग पुन्हा विचारलं. "नाही दिसत," ती म्हणाली.

"व्हॉट डू यू मीन, नाही दिसत?" आन्या पुढे झाली. "ही हॅज व्होटेड हिअर फॉर ट्वेंटी इयर्स! एव्हरी सिंगल टाइम!" तिचा आवाज चढला. "त्यांनी तुमचं नाव काढलंय, आजोबा! आय रेड अबाउट धिस! ब्राउन नेम्स, फॉरिन नेम्स..."

"आन्या, हळू."

"नो! तुम्ही हळू नका बोलू!"

रांगेतली माणसं वळून पाहू लागली. दारातून गळ्यात बिल्ला अडकवलेला एक तरुण वकील धावत आला. तो नेमका विरुद्ध पक्षाचा होता. बहुधा फोनवर मनोहररावांचं ऐकून घेणाऱ्या पोरांच्याच जातकुळीतला. "सर, घाबरू नका," तो म्हणाला. "तुमचा हक्क कुणी काढून घेऊ शकत नाही. तुम्हाला तात्पुरती मतपत्रिका मिळेल, नंतर तपासून मोजतील. आम्ही तुमच्या पाठीशी आहोत." मागून कुणीतरी "लेट हिम व्होट!" ओरडलं. दोघातिघांनी ते उचललं. ज्यांना आयुष्यभर शिव्या घातल्या ते सगळे मनोहररावांच्या मतासाठी जिम डोक्यावर घ्यायला निघाले होते.

बाईने एक लिफाफा पुढे सरकवला. "इथे सही करा. मी अमेरिकेचा नागरिक आहे, अशी."

मनोहररावांनी पेन घेतलं. एक सही. सही केली तर कुणाला कळणार होतं? निदान आज तरी नाही. ती बाई खूश होईल, वकील खूश होईल, आन्या तर त्यांना उचलूनच घेईल. पण खोटी सही करून मत देणारा माणूस म्हणजे कोण, हे दर शनिवारी पोह्यांवर कोण सांगत होतं? लबाड होते मनोहरराव, पण सहीचे पक्के होते. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि इतरांना कळू नये म्हणून मराठीत, हळूच म्हणाले:

"आन्या, मला मत नाही."

आन्या फस्सकन हसली. "तुम्हाला? आजोबा, यू हॅव नथिंग बट मत!"

"तसं नाही गं. मत नाही मला."

"तुम्ही ठीक आहात ना? चक्कर येतेय का?"

मग काही इलाज राहिला नाही. मनोहररावांनी घसा साफ केला आणि बोर्डाच्या मीटिंगमध्ये तोट्याचा आकडा सांगायचे त्या इंग्रजीत सांगितलं, की मी या देशाचा नागरिक नाही. कधीच नव्हतो. मी इथे एकदाही मतदान केलेलं नाही.

रॉजरमध्ये थेंब पडल्याचं सगळ्यांना ऐकू आलं.

"ओ," वकील म्हणाला. "मग सर, प्लीज, कशावरही सही करू नका." आणि तो दुसऱ्या कुणाचा तरी हक्क वाचवायला गेला.

आन्याने यादीवर सही केली आणि मशीनकडे निघून गेली. मागे वळूनही पाहिलं नाही. मनोहरराव बाजूला झाले आणि जायला दुसरी जागा नव्हती म्हणून परत बादलीपाशी जाऊन उभे राहिले.

त्यांना फार लाज वाटत होती. लाज वाटली की माणूस वर बघत नाही, पण टकलावर थेंब पडला म्हणून त्यांनी वर पाहिलं. छपराला मोठा तपकिरी डाग होता, त्याच्याभोवती जुन्या डागांची वर्तुळं. एक-दोन वर्षांचं काम नव्हतं हे. आणि त्यांना मिरजेची शाळा आठवली. सभेत सांगायची ती नव्हे, खरी. ओल्या सदऱ्याचा वास, पुसून गेलेली पाटी आणि पुसली म्हणून बसलेली छडी. काही अडलं नाही म्हणे! त्या छपराखालीच तर दहा वर्षांच्या मनोहरने ठरवलं होतं, की जिथे शाळा गळत नाहीत अशा गावाला जायचं. त्यासाठी तो मिरजेहून निघून पार इथवर आला होता.

मनोहररावांना छातीत काहीतरी हलल्यासारखं झालं. आधी त्यांना पित्त वाटलं. मग लक्षात आलं की आपलं मत बदलतंय. अडुसष्ट वर्षांत हा प्रकार कधी झालेला नसल्याने त्यांना तो पटकन ओळखता आला नाही. द्यावेत पैसे, त्यांना वाटलं. एवढी एक घरपट्टी वाढली तर वाढू दे. छप्पर तरी नीट करा मेल्यांनो.

शैलजाबाई परत आल्या. काय घडलं ते त्यांना मशीनपाशीच ऐकू गेलं होतं. पण वीस वर्षांची सवय. त्यांनी स्टिकर सोलला, नवऱ्याच्या कोटावर चिकटवला आणि वरून थोपटला. तेवढ्यात आन्या समोर येऊन उभी राहिली होती.

"एव्हरी टाइम, आजी?"

"दर वेळी," शैलजाबाई म्हणाल्या.

"आणि तू कुणाला व्होट करत होतीस?"

शैलजाबाई नातीकडे बघून हसल्या. मनोहररावांनी ते हसू पाहिलं. सहाशे माणसं सांभाळलेला माणूस होता तो; ही बाई वीस वर्षं कुणाचा स्टिकर आपल्या छातीवर लावत आली होती, हे त्याला सांगावं लागलं नाही. "शैलजा!" ते म्हणाले. "स्टिकर निघायच्याही आधीपासून. शहात्तरपासून," शैलजाबाई म्हणाल्या, आणि छत्री उघडून चालू लागल्या.

गाडी निघाली. वायपर चालू होते. आन्या मागे खिडकीकडे तोंड करून बसली होती.

"रागावलीस?" मनोहररावांनी आरशात बघत विचारलं.

"येस." मग काचेवर बोटाने रेघ ओढत: "यू टोल्ड मी टु शो अप. लहानपणापासून. अँड यू सॅट इन द कार."

"हो," मनोहरराव म्हणाले.

सिग्नल लाल झाला. अंगणातल्या पाट्या तिथूनच दिसत होत्या, दोन्ही भिजलेल्या.

"बट इट्स नॉट फेअर आयदर," आन्या खिडकीशीच बोलल्यासारखी बोलली. "एवढी इयर्स टॅक्स भरला तुम्ही. आणि कोणी तुम्हाला काउंटच नाही केलं. मी तुम्हाला कॅन्सल करायला आले, अँड देअर वॉज नथिंग टु कॅन्सल. दॅट वॉज हॉरिबल, आजोबा." तिने नाक ओढलं. "सो प्रेसिडेंटला मी माझं दिलं. पण त्या स्कूल टॅक्सला मी तुमचं मत दिलं. 'नो' दाबलं. तुमच्यासाठी. वन्स, तुम्हाला कोणीतरी काउंट करायला हवं."

'मत' हा शब्द तिने पहिल्यांदाच बरोबर वापरला होता. मनोहररावांनी आरशात तिच्याकडे पाहिलं. आणि पुढच्याच क्षणी ते सीटवर उडाले.

"अगं गाढवे! 'नो' कशाला दाबलंस?"

"काय? तुमचं मत होतं ते!"

"बदललं!"

"बदललं? कधी?"

"आत्ता! त्या रॉजरपाशी! अगं, छप्पर केवढं गळतंय ते! डोळे आहेत का तुला? पोरं तिथे खेळतात!"

आन्याने आ वासला. शैलजाबाईंनी आधी पदराने, म्हणजे पदर नव्हता म्हणून स्कार्फने तोंड दाबलं. मग त्यांना आवरेना, आणि त्या डॅशबोर्डवर हात ठेवून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. पस्तीस वर्षांत या देशाने मनोहररावांचं मत एकदाच मोजून घेतलं, तेही पाच मिनिटं शिळं. मागून आन्याही हसू लागली, रडतारडताच. तिने पुढे वाकून आजोबांच्या खांद्यावर हनुवटी टेकवली. सायकल शिकताना पडली की टेकवायची तशी. मनोहररावांनी तिचा गाल थोपटला.

सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला.

"पुढच्या वेळी माझं मी देईन," मनोहरराव गुरगुरले आणि गाडी पुढे काढली. "तू मध्ये पडू नकोस."

"द्या की," शैलजाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "पण मुलाखतीत अजून तेच प्रश्न विचारतात हो. उत्तरं द्यायची असतात. मतं नाही."